आधी खुर्च्या मांडा, मग लिहा

प्रश्न नांदेडहून आला आहे. विचारणारे सत्तावीस वर्षांचे आहेत, एका खासगी शाळेत शिकवतात आणि चार वर्षं समाजमाध्यमांवर सिनेमाबद्दल लिहितात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "मला चित्रपट समीक्षक व्हायचंय आणि पुढे आमच्या भागात महोत्सव भरवायचाय. या दोन्हींचं मिळून एक करिअर होतं का? समीक्षाही लिहिणाऱ्या आणि महोत्सवही भरवणाऱ्या सुधीर नांदगावकरांसारख्या माणसांनी ते कसं जमवलं? फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकावंच लागतं का? आणि पोट कशावर चालतं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते टाळून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. माझं पोट बँकेवर चाललं. चौतीस वर्षं. दिवसा लेजर, संध्याकाळी सिनेमा. आमच्या फिल्म सोसायटीच्या, म्हणजे वर्गणी काढून एकत्र चित्रपट पाहणाऱ्या मंडळाच्या, पहिल्या कार्यकारिणीत नऊ जण होतो. त्यांत चार बँकेचे, दोन एलआयसीचे, एक रेल्वेतला आणि दोन प्राध्यापक. हा योगायोग नव्हता. ठरल्या वेळी सुटणारी नोकरी, हिशेबाची सवय आणि युनियनमुळे आलेली सभा चालवण्याची तालीम, या तीन गोष्टींवर या देशातल्या कितीतरी फिल्म सोसायट्या उभ्या राहिल्या. शिवाय एलटीसी होती, म्हणजे रजेतल्या प्रवासाचा खर्च नोकरीतून मिळायचा. तेव्हा भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव गोव्यात स्थिरावला नव्हता. तो २००४ पासून तिथे आहे. त्याआधी एक वर्ष दिल्ली, तर एक वर्ष 'फिल्मोत्सव' म्हणून कलकत्ता, बंगलोर, हैदराबाद, त्रिवेंद्रम असा तो फिरायचा. सहकारी एलटीसी काढून काश्मीरला जायचे. आम्ही ज्या गावात फिल्मोत्सव, त्या गावाला. घरच्यांना सांगायचं की तिथलं देऊळ फार प्रसिद्ध आहे.

लिहिण्याचे पैसे तेव्हाही नव्हते. माझ्या पहिल्या परीक्षणाचे साठ रुपये आले, तेही चार महिन्यांनी. आता वर्तमानपत्रातली जागा आणखी आक्रसली आहे, परीक्षण तीन परिच्छेदांचं आणि ताऱ्यांचं झालं आहे. पूर्ण वेळ पगारी समीक्षक मराठीत बोटांवर मोजण्याइतकेच. बाकीचे मास मीडियाच्या मुलांना शिकवतात, सबटायटलं करतात, महोत्सवांचे कॅटलॉग लिहितात, कुठे दोन महिन्यांच्या करारावर चित्रपट निवडीचं काम करतात. तेव्हा शाळेतली नोकरी सोडू नका. हा सल्ला भित्रा वाटेल. पण पगार दुसरीकडून येत असेल तरच निर्मात्याच्या जेवणाला नाही म्हणता येतं.

आता मूळ प्रश्न. समीक्षा आणि महोत्सव ही दोन कामं आहेत की एकच? माझ्या मते काम एकच आहे. हे मला कळलं ते स्टेन्सिलमुळे.

तुमच्या पिढीनं प्रती काढायचं सायक्लोस्टाइल मशीन पाहिलं नसेल. आमच्या सोसायटीत प्रत्येक खेळाआधी सभासदांच्या हातात एक पान द्यायची पद्धत होती. चित्रपटाचं नाव, देश, साल, दिग्दर्शक आणि खाली टिपण. ते टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला मराठी टाइपिंग येत होतं. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची, मेणाचा स्टेन्सिल कागद चढवायचा आणि अक्षर कागद कापेल इतक्या जोरानं टाइप करायचं. चूक झाली की लाल पातळ द्रव ब्रशनं लावायचा, फुंकर घालून वाळवायचा आणि पुन्हा टाइप करायचं. चार चुका झाल्या की कागद फुकट, आणि कागदाचे पैसे सोसायटीचे. त्यामुळे एकही वाक्य उगाच लिहिलं जायचं नाही.

आणि पान एकच. त्यात गोष्ट सांगायची नाही, कारण लोकांना अजून चित्रपट पाहायचा आहे. चांगला की वाईट हेही सांगायचं नाही, कारण तो आपणच आणला आहे. मग उरतं काय? बघताना काय सोबत असावं तेवढं. हा दिग्दर्शक कॅमेरा हलवत नाही, घाई करू नका. या देशात त्या वर्षी अमुक झालं होतं, म्हणून दुकानाची फळी बंद दिसते. शेवटी आवाजाकडे लक्ष असू द्या. बस्स. पुढे वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं लिहिलं, पण माझं चांगलं लेखन कोणतं विचाराल तर ती पानं. दोनशे प्रती निघायच्या, शाई हाताला लागायची, आणि खेळ संपल्यावर त्यांतल्या शंभरेक खुर्च्यांखाली सापडायच्या. शंभर घरी गेल्या, असं मी मोजायचे.

खेळ सुरू झाला की मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहायचे. बसायला जागा असली तरी. सभागृहाच्या खुर्च्या दुमडणाऱ्या होत्या; कुणी उठून गेलं की 'खट्' असा आवाज यायचा. पहिल्या अर्ध्या तासात दहा खट् म्हणजे माझं टिपण चुकलं होतं किंवा चित्रपट चुकीच्या वारी लावला होता. सगळेच्या सगळे दोन तास गप्प बसले, तर का बसले हे शोधायला मी तो चित्रपट मनात पुन्हा पाहायचे. घरी एकट्यानं लॅपटॉपवर पाहून लिहिणाऱ्याला हा खट् कधीच ऐकू येत नाही. तुमच्या पोस्टवरच्या प्रतिक्रिया म्हणजे तो नव्हे. प्रतिक्रिया देणारा उठून गेलेला नसतो.

चित्रपट निवडणं, तो कोणत्या चित्रपटाशेजारी ठेवायचा ते ठरवणं, कुणाला बोलावायचं, आधी काय सांगायचं, ही सगळी समीक्षाच. लेखात तुम्ही एखाद्याला थोर म्हणता तेव्हा तुमचं काही जात नाही. कार्यक्रमात त्याला शनिवार संध्याकाळची वेळ देता तेव्हा तुमच्या सभागृहाचं भाडं, तीनशे माणसांची संध्याकाळ आणि पुढच्या महिन्याची वर्गणी पणाला लागलेली असते.

सुधीर नांदगावकरांकडे याच नजरेनं पाहा. त्यांना लोक 'मामी'चे, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, पहिले संचालक म्हणून ओळखतात, पण ती गोष्ट फार पुढची. मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं १९६८ साली आणि त्याच्या संस्थापकांत नांदगावकर होते. मुंबईत त्याआधी फिल्म सोसायट्या होत्याच. बासू चटर्जी ज्याच्या स्थापनेत होते तो फिल्म फोरम होता, इतरही होत्या. पण त्यांचा कारभार, चर्चा, कागद बहुतेक इंग्रजीत. 'प्रभात'नं जगाचा सिनेमा मराठी मध्यमवर्गाला मराठीतून दाखवायला घेतला. दादर-माटुंग्याच्या माणसाला युरोपातला चित्रपट पाहून झाल्यावर स्वतःच्या भाषेत वाद घालता यायला लागला, ही मला त्या मंडळाची सगळ्यात मोठी कमाई वाटते. मंडळाचं नियतकालिक निघालं, 'वास्तव रूपवाणी', आणि त्यातून सिनेमावर गंभीरपणे लिहिणाऱ्या मराठी लेखकांची फळी तयार झाली. म्हणजे क्रम लक्षात घ्या: आधी दाखवायची जागा, मग लिहायची जागा. आणि महोत्सव कधी? मुंबई अ‍ॅकॅडमी ऑफ द मूव्हिंग इमेज, म्हणजे मामी, १९९७ मध्ये उभी राहिली, हृषीकेश मुखर्जी तिचे अध्यक्ष होते, आणि सुरुवातीच्या महोत्सवांची जबाबदारी नांदगावकरांकडे आली. मध्ये किती वर्षं गेली? एकोणतीस.

त्या एकोणतीस वर्षांत काय चाललं होतं हे बाहेरच्यांना दिसत नाही. दर महिन्याचे खेळ. दूतावासांची पत्रं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून प्रिंट, म्हणजे चित्रपटाची रिळांवरची प्रत, मागवणं. त्या रिळांच्या ट्रंका उचलणं. ३५ एमएमच्या एका चित्रपटाची रिळं पंचवीस-तीस किलोच्या घरात जायची. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचं काम. नांदगावकर तिथे सचिवपदावर होते. ही फेडरेशन १९५९ ची, पहिले अध्यक्ष सत्यजित राय. अशा संघटनेत काम करणं म्हणजे गावोगावच्या सोसायट्यांची भांडणं सोडवणं, वर्गणी थकवणाऱ्यांना स्मरणपत्रं पाठवणं आणि एकच प्रिंट पाच गावांत फिरवताना ती चौथ्या गावात अडकणार नाही हे बघणं. महोत्सव चालवायचं शिक्षण हेच. त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फिल्म सोसायट्यांच्या भरभराटीमागे सगळीच काही कलाभक्ती नव्हती. सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरमधून सवलत होती आणि काही मंडळी निव्वळ न कापलेल्या उघड्या दृश्यांच्या 'ज्ञाना'साठी यायची. पोलिश की झेक याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. नको तो प्रसंग येऊन गेला की खट्, खट्. आधी टीव्ही, मग व्हिडिओ आणि शेवटी इंटरनेट आलं तशी ही मंडळी गळाली आणि त्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या कित्येक सोसायट्या बसल्या. आमचे सभासद काही वर्षांत निम्म्यावर आले, मीच हिशेब लिहीत होते. अशा वेळी बहुतेकांनी 'आता लोकांना गोडी राहिली नाही' म्हणून कुलूप लावलं. नांदगावकरांनी महाविद्यालयांत कॅम्पस फिल्म सोसायट्या काढायचा आग्रह धरला, मुंबई-पुण्याबाहेर. प्रेक्षक येत नसेल तर तो जिथे बसलेला आहे तिथे पडदा न्यायचा. पुढे २००२ मध्ये थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव सुरू झाला, किरण शांताराम अध्यक्ष आणि नांदगावकर संचालक. तो प्रभादेवीला पु. ल. देशपांडे कला अकादमीत भरायचा. मुंबईत मोठा महोत्सव असताना दुसरा कशाला, असं तेव्हा काहींनी विचारलं. माझ्या मते उत्तर सोपं आहे: मोठ्या महोत्सवात फ्रान्सच्या कान महोत्सवातल्या विजेत्यांभोवती झुंबड उडते आणि शेजारच्या श्रीलंकेचा, इराणचा, फिलिपिन्सचा चित्रपट सकाळी साडेनऊच्या खेळाला रिकाम्या खुर्च्यांसमोर चालतो. आशियालाच मध्यभागी ठेवल्याशिवाय त्याला संध्याकाळची वेळ मिळत नाही. हा निर्णय व्यवस्थापकाचा वाटला तरी तो समीक्षकाचाच आहे. १ जानेवारी २०२३ ला ते गेले, त्र्याऐंशी वर्षांचे होते.

दुसरी वाट दिल्लीच्या अरुणा वासुदेव यांची. त्यांनी पॅरिसमध्ये सेन्सॉरशिपवर डॉक्टरेट केली, १९८८ मध्ये 'सिनेमाया' हे आशियाई चित्रपटांना वाहिलेलं त्रैमासिक काढलं, आशियाई सिनेमासाठी 'नेटपॅक' ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि १९९९ मध्ये दिल्लीत 'सिनेफॅन' महोत्सव सुरू केला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या बाबतीत आधी मासिक, मग माणसांचं जाळं, मग महोत्सव. नांदगावकरांचा क्रम उलटा, पण पोचले दोघंही महोत्सवापाशीच. अकरा वर्षं देशोदेशींच्या समीक्षकांकडून लेख मागवल्यावर, कोणत्या देशात कोण काय करतंय हे सांगायला वासुदेवांना कुठल्या सेल्स एजंटची, म्हणजे चित्रपटांचे हक्क विकणाऱ्याची, गरज उरली नव्हती. तुमच्याकडे इंग्रजी आणि प्रवासाची सोय असेल तर ही वाट बघा. नसेल तर पहिली.

इन्स्टिट्यूटचं म्हणाल तर पदवी लागत नाही, डोळा तयार व्हावा लागतो. भारतात चित्रपट रसास्वादाचं शिक्षण ज्यांनी रुजवलं ते प्रा. सतीश बहादूर मूळचे अर्थशास्त्राचे. आग्र्याला शिकवत होते आणि तिथे फिल्म सोसायटी चालवत होते. तिथून ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालयाचा उन्हाळ्यातला रसास्वाद वर्ग मात्र जमला तर नक्की करा. जाहिरात आली की लगेच अर्ज करा. शिक्षक असल्यामुळे तुमची सुट्टीही जुळेल. तिथे एकच दृश्य तासभर थांबवून थांबवून दाखवतात. पहिल्या दिवशी वैताग येतो. आठवड्याभरानं घरची मालिकासुद्धा वेगळी दिसायला लागते, आणि घरचे वैतागतात.

आता महोत्सवाचं आतलं काम, कारण बाहेरून फक्त लाल गालिचा दिसतो.

निवड म्हणजे पाहणं, आणि तेही थकून जाईपर्यंत. हंगामात मी दिवसाला चार चित्रपट पाहायचे. वहीत प्रत्येकाला एक पान. एक नियम स्वतःला घालून घेतला होता: पहिली वीस मिनिटं पाहून बंद केला तर तसं लिहायचं, 'पाहिला' असं लिहायचं नाही. तुम्हीही हाच नियम ठेवा. त्यानंतर हक्कांचा प्रश्न. परदेशी चित्रपटाचे हक्क बहुधा सेल्स एजंटकडे असतात आणि एका-दोन खेळांचे काहीशे युरो मागितले जातात. लहान महोत्सव आहे, तिकीट विक्री नाही, हे नीट पत्र लिहून सांगितलं तर रक्कम खाली येते, कधी माफही होते. पत्रात त्या दिग्दर्शकाचा आधीचा चित्रपट तुम्ही पाहिलाय हे दिसलं पाहिजे. समीक्षक असण्याचा इथे रोख फायदा होतो.

मग सेन्सॉर. प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. चित्रपटांची यादी, प्रत्येकाचं सारांश टिपण, निवड समितीनं पाहिल्याचं पत्र असं सगळं वेळेत पाठवायचं. सूट मिळते ती नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरती. दारात तिकीट फाडून कुणालाही आत सोडता येत नाही. आणि सूट हातात येईपर्यंत वेळापत्रक छापायला टाकू नका. एका वर्षी आम्ही टाकलं. शेवटच्या क्षणी दोन चित्रपट काढावे लागले आणि मी व मुलं रात्री अकराशे पुस्तिकांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवत बसलो.

प्रिंटची ट्रंक गेली आणि डीसीपी आली, म्हणजे चित्रपट एका हार्ड डिस्कवर. वजन गेलं, काळजी नाही गेली. बहुतेक डीसीपी कुलूपबंद असतात. त्यांची किल्ली म्हणजे केडीएम, एक छोटी फाइल, मेलनं येते. ती किल्ली ठरावीक सर्व्हरलाच चालते आणि ठरावीक वेळेतच उघडते. आमच्या एका महोत्सवात दुपारी अडीचचा खेळ होता. युरोपातल्या कंपनीला आम्ही लिहिलं होतं, "किल्ली दुपारी १२ पासून हवी." त्यांनी दिली. अडीच वाजता सभागृह भरलं, दिवे मंदावले आणि प्रोजेक्शनच्या खोलीतून मुलगा धावत आला: "ताई, सर्व्हर म्हणतोय किल्ली अजून सुरू झाली नाही." बारा वाजले होते ते ग्रीनिचच्या हिशेबानं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. चूक सर्वस्वी माझी; 'भारतीय वेळ' हे दोन शब्द मी लिहिले नव्हते. त्या मुलानं पावणेसहाच्या चित्रपटाची किल्ली तपासली, ती सकाळपासून चालू होती. मग मी मंचावर जाऊन खरं काय झालं ते सांगितलं आणि दोन्ही खेळांची अदलाबदल केली. चाळीसेक जण उठून गेले. एक आजोबा जाताना म्हणाले, "पूर्वी निदान रीळ तुटलेलं दिसायचं तरी." तेव्हापासून प्रत्येक पत्रात वेळ दोन्ही पद्धतीनं लिहिते, किल्ली आदल्या दिवशी सर्व्हरवर चढवून बघते, आणि पडदा दोनचा चित्रपट पडदा तीनवर हलवायचा झाला तर आधी नवी किल्ली मागवते. जुनी तिथे चालत नाही.

दोन खुर्च्यांवर एकदम बसण्याचा धोका तुम्ही विचारला नाहीत, पण तो आहे. तुम्ही समीक्षक असता, म्हणून निर्माता तुम्हाला ओळखतो. महोत्सवासाठी निवड करता, म्हणून तो गोड बोलतो. हळूहळू तुमच्या लेखातली धार बोथट होते आणि तुम्हाला कळतही नाही. मी दोन बंधनं पाळली. आमच्या महोत्सवात लावलेल्या चित्रपटावर परीक्षण लिहायचं नाही, टिपण सोडून. आणि ज्याचं परीक्षण लिहायचं आहे त्याच्या पाहुणचाराला जायचं नाही. यामुळे माझं नुकसान झालं का? झालं. एका चांगल्या मराठी चित्रपटावर मी लिहायला हवं होतं आणि लिहिता आलं नाही, कारण तो आम्ही पहिल्यांदा दाखवला होता. त्याची चुटपुट अजून आहे. परीक्षक मंडळावर बोलावणं आलं तर मात्र जरूर जा. 'फिप्रेस्की' या समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची किंवा नेटपॅकची ज्युरी असेल, तर मानधनाची आशा ठेवू नका; पण बंद खोलीत दोन परक्या समीक्षकांना स्वतःचं मत पटवून देण्यासारखी दुसरी तालीम नाही.

आणि एक इशारा. हल्ली प्रवेश शुल्क घेऊन घाऊक भावानं 'आंतरराष्ट्रीय' पुरस्कार वाटणारे महोत्सव निघालेत. ना सभागृह, ना प्रेक्षक, नुसती पानाफुलांची चिन्हं पोस्टरवर लावायला. तुम्हाला कुणी अशा ठिकाणी 'क्युरेटर' व्हायला बोलावेल, पैसेही देईल. एकच विचारा: खेळ कुठे आहे आणि किती खुर्च्या आहेत? उत्तर लांबलं की समजून घ्या.

नांदेडमध्ये काय करता येईल? महोत्सवाचं नाव दोन वर्षं काढू नका. आधी सोसायटी. नोंदणीला किमान सात जण लागतात, महाराष्ट्रात हे काम धर्मादाय कार्यालयातून होतं. सातांत एक हिशेब ठेवणारा आणि एक भांडण न करणारा असावा. सिनेमातलं कळणारे दोन पुरेत. मग फेडरेशनशी संलग्न व्हा. घरच्या ओटीटी खात्यावरचा चित्रपट सभागृहात लावू नका, तो हक्कभंग आहे. त्यापेक्षा पुण्याच्या संग्रहालयाला, मॅक्स म्युलर भवनाला, आलियाँस फ्राँसेजला, जपान फाउंडेशनला, अशा परदेशी सांस्कृतिक केंद्रांना पत्र लिहा. महिन्याला एक खेळ या प्रमाणात वर्षाचा कार्यक्रम उभा राहू शकतो. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ महोत्सव होतो, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या नावाची सोसायटी आहे, पुण्यात जानेवारीत पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो. तिथे प्रतिनिधी म्हणून नंतर जा, आधी स्वयंसेवक म्हणून जा. प्रोजेक्शनच्या खोलीबाहेर उभं राहायचं काम मागून घ्या. गोव्याला नोव्हेंबरात गेलात तर फिल्म बाजारातही डोकवा. चित्रपट विकणारी माणसं तिथे समोर भेटतात, आणि पुढच्या वर्षी त्यांना पत्र लिहिताना ओळखीचा एक धागा असतो.

सभागृहासाठी तुमच्या शाळेतलाच मोठा वर्ग बघा. खिडक्यांना काळं कापड लागेल. दुपारी दोन वाजता आत उभं राहून उजेड कुठून येतो ते तपासा. आवाज नेहमी मागच्या कोपऱ्यातून ऐका. खुर्च्या साठाच मांडा, शंभर मांडून चाळीस रिकाम्या दिसण्यापेक्षा वीस जण उभे राहिलेले बरे. आणि पहिल्या खेळाचं टिपण लिहून मला पाठवा. एक पान, मराठीत, गोष्ट न सांगता. दोन पानं झाली तर वाचणार नाही.